घरचा संगणक व वेळेची वाटणी
(इयत्ता चौथी ते सातवीच्या शिक्षकांकरिता अभ्यासपाठ)

१. पाठाचे प्रयोजन

वेळापत्रक आखणे हे प्राथमिक शिक्षकाच्या हातवळणीचे काम आहे. द्विशिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन-दोन वर्ग बसलेले असतात. कोणत्या वर्गाला तोंडी पाठ द्यावयाचा, कोणाला पाटीवर काम द्यावयाचे व कोणत्या विषयाला किती तासिका ठेवावयाच्या, हे तेथे रोज ठरवावे लागते. वेळ वाटून दिला नाही, तर धीट मूल शिक्षकाचे सारे लक्ष ओढून घेते व लाजरे मूल कोपऱ्यात राहते, हा अनुभव प्रत्येक शिक्षकाला आहे.

आता हाच प्रश्न विद्यार्थ्यांच्या घरात उभा राहिला आहे. २०२० च्या मार्च महिन्यात शाळा बंद झाल्या आणि अभ्यास पडद्यावर आला. ज्या घरांत पूर्वी संगणक नव्हता, तेथेही वापरलेला संगणक किंवा एखादा मोबाइल मुलांच्या नावाने आला. पुढे शाळा उघडल्या. यंत्र मात्र घरातच राहिले. घरातील तीन-चार मुलांमध्ये ते एकच असते. त्याचा वापर किती वेळ, केव्हा व कोणी करावा, याविषयी पालक शिक्षकांना विचारतात. ‘मूल सोडतच नाही, काय करावे?’ असा एकाचा प्रश्न असतो, तर ‘थोरला धाकट्यांना हात लावू देत नाही,’ अशी दुसऱ्याची तक्रार असते. या दोन्ही प्रश्नांना व्यवस्थित उत्तर देता यावे, एवढेच या पाठाचे प्रयोजन आहे.

२. ‘किती’ आणि ‘केव्हा’

संगणकावर वेळेची मर्यादा दोन प्रकारे घालता येते. पहिला प्रकार प्रमाणाचा, म्हणजे दिवसातून किती वेळ. दुसरा प्रकार समयाचा, म्हणजे घड्याळात कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत. हे दोन प्रकार वेगळे आहेत, ही गोष्ट पालकांना प्रथम स्पष्ट करून सांगावी.

केवळ प्रमाण ठरविले, तर मूल आपला एक तास रात्री अकरा वाजता वापरील व झोप मोडील. केवळ समय ठरविला आणि त्याच वेळी वीज गेली, तर त्याचा वाटा बुडेल. यास्तव दोन्हींची जोड घालावी. उदाहरणार्थ, ‘एक तास, पण सायंकाळी साडेपाच ते साडेनऊ यांच्या दरम्यान’ असा नियम मुलाला सांभाळूनही घेतो व त्याची झोपही राखतो. एकाच यंत्रावर अनेक मुले असतील, तर मात्र प्रत्येकाची वेळ दुसऱ्याच्या वेळेवर चढणार नाही अशी बेतावी लागते. अशा घरी वीज गेल्यामुळे बुडालेला वाटा रविवारी भरून देण्याचे आधीच ठरवून ठेवावे.

प्रमाण किती असावे, याविषयी तज्ज्ञांचे मार्गदर्शन उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांकरिता सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार दोन ते चार वर्षे वयाच्या मुलाने बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एका तासाहून अधिक असू नये व त्याहून कमी असल्यास अधिक चांगले. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ साली पाच ते दहा वर्षांच्या मुलांकरिता दोन तासांहून कमी वेळ सुचविला आहे. जुलै २०२० मध्ये केंद्र शासनाने ‘प्रज्ञाता’ या नावाने दिलेल्या सूचनांत पहिली ते आठवीच्या मुलांना दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांच्या दोनांहून अधिक ऑनलाइन तासिका नसाव्यात, असे म्हटले होते. हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत. तेवढा वेळ प्रत्येक मुलाला दिलाच पाहिजे, असा त्यांचा अर्थ नव्हे.

३. मर्यादा मोडण्याची एक जुनी कथा

संगणकाच्या वेळेची वाटणी घरात येण्याच्या फार पूर्वी विद्यापीठांत झाली होती. १९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था दाखविली. प्रत्येकाला स्वतंत्र खाते, त्या खात्याला पासवर्ड व वापरासाठी नेमून दिलेला वेळ, अशी तिची रचना होती. तेथील ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याच्या वाट्याला आठवड्याचे चार तास आले होते. त्याचे काम तेवढ्यात पुरे होईना. १९६२ साली त्याने सर्वांच्या पासवर्डांची यादी यंत्राकडूनच छापून घेतली व दुसऱ्यांच्या खात्यांतून शिरून आपले काम पुढे नेले. कित्येक वर्षांनंतर त्याने स्वतःच ही हकीकत सांगितली.

या कथेतून शिक्षकांनी दोन बोध घ्यावेत. पहिला असा की, कामाची गरज न पाहता नेमलेली मर्यादा मोडण्याची वाट शोधली जाते. हुशार मूल ती लवकर शोधते. दुसरा असा की, पासवर्ड दुसऱ्याच्या हाती गेला की वाटणीला अर्थ उरत नाही. नियम यंत्रात तसाच दिसत राहतो आणि एकाचा वेळ दुसराच वापरतो.

४. खात्यांची मांडणी

घरातील प्रत्येक व्यक्तीचे संगणकावर स्वतंत्र खाते असावे. आईचेही असावे. सर्वजण एकाच खात्यावर बसत असतील, तर यंत्राला माणसामाणसांतील भेद कळत नाही व वेळ मोजता येत नाही.

खाती दोन दर्जांची असतात. एक ॲडमिनिस्ट्रेटरचे, म्हणजे व्यवस्थापकाचे खाते. त्यातून यंत्राचे सर्व नियम बदलता येतात. दुसरे सामान्य वापराचे खाते. व्यवस्थापकाचे खाते पालकाजवळ असावे व मुलांना सामान्य खाती द्यावीत. पुष्कळ घरी नेमके उलट असते. थोरल्या मुलाला संगणकाची माहिती अधिक, म्हणून व्यवस्थापकाचे खाते त्याच्याकडे जाते. मग तो यंत्राचे घड्याळ मागे करू शकतो किंवा आपली मर्यादा काढून टाकू शकतो. सामान्य खात्यातून घड्याळ बदलता येत नाही.

विंडोज या प्रणालीत वेळेचे बंधन २००७ साली आलेल्या व्हिस्टा आवृत्तीपासून घरगुती वापरणाऱ्यांच्या ओळखीचे झाले. तिच्यात पालकांसमोर एक चौकट येत असे. आडव्या ओळीत दिवसाचे चोवीस तास, उभ्या ओळीत आठवड्याचे सात वार, असे एकूण १६८ चौकोन. जे तास बंद ठेवावयाचे ते चौकोन रंगवावयाचे. शाळेच्या भिंतीवरील वेळापत्रकाशी तिचे साम्य लगेच ध्यानात येते. २०१५ साली आलेल्या विंडोज १० पासून ही सोय इंटरनेटवरील खात्याशी जोडली गेली. आज विंडोज ११ वर मुलाचे मायक्रोसॉफ्ट खाते पालकाच्या कुटुंबगटात सामील करून घ्यावे लागते. त्यानंतर ‘फॅमिली सेफ्टी’ या सोयीतून प्रत्येक वाराकरिता ‘किती’ व ‘केव्हा’ हे दोन्ही ठरविता येते. वेळ संपत आल्याची सूचना मुलाला पडद्यावर मिळते. मुलाने अधिक वेळ मागितला, तर ती विनंती पालकाकडे जाते. मुलाने केलेल्या वापराचा अहवालही पालकाला पाहता येतो. पण असा अहवाल पाहिला जातो, हे मुलाला आधी सांगावे. चोरून ठेवलेली पाळत मुलाला चोरी शिकविते.

ज्या संगणकावर लिनक्सची उबुंटू प्रणाली आहे, तेथे ‘टाइमकेपीआर-नेक्स्ट’ हे विनामूल्य साधन बसविता येते. तेही रोजचे प्रमाण व दिवसातील मोकळे तास ठरवून देते. एकदा बसविल्यावर त्याला इंटरनेटची गरज लागत नाही, हा ग्रामीण घरांच्या दृष्टीने मोठा लाभ आहे. अँड्रॉइड मोबाइलवर गूगलच्या ‘फॅमिली लिंक’मधून मुलाच्या खात्याला दैनिक मर्यादा व झोपेची वेळ लावता येते. तथापि मोबाइल वडिलांचा व वापरणारी मुले तीन, अशी स्थिती असेल, तर ही सोय फारशी कामाची नाही. तेथे घड्याळ व वडीलधाऱ्यांचा शब्द हेच साधन होय.

व्यवहारातील तीन अडचणी पालकांना सांगून ठेवाव्यात. जुन्या संगणकातील घड्याळाचा लहान सेल संपलेला असेल, तर यंत्र बंद करून पुन्हा चालू करताच तारीख-वेळ चुकते व सारे वेळापत्रक बिघडते. हा सेल अल्प किमतीत मिळतो. तो आधी बदलावा. दुसरी गोष्ट, आपला वेळ संपल्यावर मुलाने खात्यातून ‘साइन आउट’ करून उठण्याची सवय लावावी, म्हणजे पुढच्याला स्वच्छ सुरुवात मिळते. तिसरी गोष्ट, अधिक वेळेच्या विनंतीची. यंत्रमागाच्या खडखडाटात काम करणाऱ्या पालकाला मोबाइलची घंटा ऐकू जात नाही. मूल उत्तराची वाट पाहत चिडते. यासाठी परीक्षा, प्रकल्प यांकरिता लागणारा जादा वेळ आठवड्याच्या आरंभीच ठरवून टाकावा.

५. शेलारसारख्या गावातील एक घर

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी शहराला लागून असलेल्या शेलारसारख्या गावाचे उदाहरण घेऊ. यंत्रमाग व गोदामे यांच्या आधारे चालणाऱ्या या परिसरात कित्येक कुटुंबांतील कर्ती माणसे दिवसपाळी व रात्रपाळी करतात. सायंकाळी घरी मोठे माणूस असेलच, असा भरवसा नसतो.

अशा गावातील एक कल्पित कुटुंब समोर ठेवावे. वडील पाळीवर. आई बचत गटाचा हिशेब ठेवते. थोरला मुलगा दहावीत, मुलगी सातवीत, धाकटा तिसरीत. घरात एक वापरलेला संगणक. शिक्षकांच्या सांगण्यावरून पालकांनी खाती उघडली व पुढील वेळ नेमला. सोमवार ते शनिवार, धाकट्याला साडेपाच ते सहा, मुलीला सहा ते सात, थोरल्याला साडेआठ ते साडेनऊ. साडेनऊनंतर संगणक बंद. आईला रविवारी सकाळी दहा ते अकरा. आठवड्याचा हिशेब केला, तर धाकट्याला तीन तास, मुलीला सहा व थोरल्याला सहा. कागदावर वाटणी निर्दोष आहे.

आठवड्यानंतर अहवाल पाहिला, तर मुलीच्या खात्यावर सहाही तास पूर्ण वापरलेले दिसतात. पालकांचे समाधान होते. परंतु त्या सहा तासांत मोटारींच्या शर्यतीचे खेळ दिसतात आणि मुलीला तर तो खेळ येतही नाही. विचारपूस करता उलगडा होतो. सहा वाजता नळाला पाणी येते. मुलगी हंडे भरते, त्यानंतर तिला कणीक मळावयाची असते. तिच्या नावाचा तास चालू असतो आणि ती पाण्यावर असते. थोरल्याला तिचा पासवर्ड ठाऊक आहे; तो तिच्या खात्यावर बसतो. तिने याविषयी तक्रार केलेली नाही, कारण हे असेच असावयाचे, अशी तिची समजूत आहे.

येथे संगणकाने चूक केलेली नाही. त्याने सांगितलेले काम बिनचूक केले. चूक वेळापत्रक आखण्याच्या क्रमात झाली. घरातील कामांची वाटणी न पाहता यंत्राची वाटणी केली गेली.

दुरुस्ती कशी करावी? आईने कामांची यादी पुढे घेतली व सहा वाजताचे पाणी थोरल्याकडे दिले. त्याच्या हाती त्या वेळी अन्य काम नव्हतेच. कणीक मळण्याचे काम सातनंतर ठेवले. मुलीचा पासवर्ड बदलला व तो तिच्याजवळ आणि आईजवळ राहिला. संगणकातील एकही आकडा बदलला नाही. बदलले ते हंडे भरणाऱ्याचे नाव. तेवढ्याने सहा ते सात हा तास खरोखर मुलीचा झाला.

यंत्राचे वेळापत्रक करण्यापूर्वी घरकामाचे वेळापत्रक करावे, हे या पाठाचे मुख्य सूत्र आहे. ते शिक्षकांनी पालकांच्या मनावर पुन्हा पुन्हा बिंबवावे. वेळेची मर्यादा म्हणजे शिक्षा, असे मुले समजतात व पालकही तसेच वापरतात. वस्तुतः ती वाटणी आहे. एकाला जेथे थांबावे लागते, तेथेच दुसऱ्याची सुरुवात होते. घरात ज्याचा आवाज लहान, त्याला तिची गरज अधिक.

६. मोठ्यांनी पाळावयाचा नियम

मुलांच्या खात्यांना कुलूप आणि मोठ्यांच्या हातात रात्रभर मोबाइल, अशा घरी कोणताही नियम टिकत नाही. या बाबतीत सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाचे उदाहरण शिक्षकांनी अवश्य सांगावे. टाळेबंदीनंतर मुले मोबाइल सोडीनात, म्हणून या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून एक प्रथा सुरू केली. रोज सायंकाळी सात वाजता गावातील मंदिरावरून भोंगा वाजतो. त्याबरोबर घरोघरचे दूरदर्शन संच व मोबाइल दीड तास, म्हणजे साडेआठपर्यंत, बाजूला ठेवावयाचे. त्या वेळात मुलांनी अभ्यास व वाचन करावे, मोठ्यांनी परस्परांशी बोलावे, अशी अपेक्षा. आरंभी लोकांच्या मनात शंका होती. तेव्हा शिक्षक, अंगणवाडी सेविका व ग्रामपंचायतीचे कर्मचारी यांनी घरोघर जाऊन समजूत घातली.

या उदाहरणातील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, नियम मुलांपुरता ठेवलेला नाही. भोंगा सर्वांसाठी वाजतो. वर कल्पिलेल्या घरातही सात ते साडेआठ हा वेळ संगणक कोणालाच नाही. जेवण व अभ्यास या वेळात उरकतो. प्रत्येक गावाला भोंगा बसविता येणार नाही आणि पाळ्यांच्या गावात सर्वांची संध्याकाळ एकाच वेळी होतही नाही. परंतु घरापुरता असा एक सामाईक बंद वेळ ठरविणे कोणालाही शक्य आहे.

७. वर्गातील मांडणी

हा पाठ तीन तासिकांत घ्यावा. संगणक नसला तरी चालेल. पाटी व फळा पुरेत.

पहिली तासिका. प्रत्येक विद्यार्थ्याने शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत आपण काय काय केले, हे घड्याळाच्या वेळेसह वहीत लिहावे. पाणी, केर, धाकट्यांना सांभाळणे, दुकान, खेळ, अभ्यास, पडदा, सर्व लिहावे. शिक्षकांनी कोणाचीही यादी वर्गात मोठ्याने वाचून दाखवू नये. मुलामुलींच्या कामांची एकत्र बेरीज मात्र नावे न घेता फळ्यावर मांडावी व जो फरक दिसेल त्यावर मुलांना बोलू द्यावे.

दुसरी तासिका गणिताची. सात वार व चोवीस तास यांची १६८ चौकोनांची चौकट आखावी. त्यात झोप, शाळा व घरकाम यांचे चौकोन प्रथम रंगवावेत. उरलेल्या चौकोनांतून खेळ व वाचन यांचा वाटा काढावा. पडद्याचा वाटा सर्वांत शेवटी येईल. वरील कुटुंबातील तीन मुलांचे मिळून आठवड्याचे किती तास होतात, हे उदाहरण सोडवून घ्यावे. उत्तर पंधरा. एका सायंकाळी वीज गेल्याने मुलीचा चाळीस मिनिटांचा वाटा बुडाला, तर रविवारी तो कोठे बसवावा, हा पुढचा प्रश्न मुलांवर सोपवावा.

तिसरी तासिका घरी न्यावयाच्या तक्त्याची. मुलांनी आपल्या घराचा तक्ता तयार करावा. डाव्या बाजूस घरकाम व ते करणाऱ्याचे नाव, उजव्या बाजूस संगणकाचा किंवा मोबाइलचा वेळ व वापरणाऱ्याचे नाव. हा तक्ता पालकसभेत पालकांपुढे ठेवावा. पाळीमुळे जे पालक सभेला येऊ शकत नाहीत, त्यांच्या सोयीची वेळ विचारून भेट घ्यावी. पालकांची मातृभाषा निराळी असल्यास तक्ता चित्रांनी समजावून द्यावा. शिक्षकांनी मुलांचे किंवा पालकांचे पासवर्ड स्वतःजवळ लिहून घेऊ नयेत. खाती उघडताना पासवर्ड पालकानेच टंकावा.

८. मूल्यमापन

किती घरांत खाती उघडली, यावरून या पाठाचे यश मोजू नये. महिन्याअखेर प्रत्येक विद्यार्थ्याला एकेकटे बोलावून दोनच प्रश्न विचारावेत. तुझ्या नावाचा वेळ तुला मिळाला काय? मिळाला नसेल, तर त्या वेळी तू काय करीत होतास किंवा करीत होतीस? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर दुसऱ्याच्या उत्तरात त्याचे कारण सापडेल आणि बहुधा ते कारण संगणकात नसून चुलीपाशी, नळावर किंवा पाळण्याजवळ असेल. ते कारण घेऊन शिक्षकांनी पालकांकडे जावे व घरकामाचा तक्ता पुन्हा एकदा त्यांच्यासमोर ठेवावा.